आधी स्वतःला हसणारा माणूस : पु. ल. देशपांडे
(तृतीय वर्ष कला)

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आकाशवाणीने दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले. पल्ला शहर आणि आसपासच्या परिसरापुरता, कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस, आणि संच मोजके, तेही बहुतेक सार्वजनिक ठिकाणी मांडलेले. आज घरोघरी भिंतीवर आणि ज्याच्या त्याच्या खिशात जाऊन बसलेल्या या करमणुकीचा आपल्या देशातील जन्म असा लहानशा पाळण्यात झाला. त्या पाळण्याची दोरी सुरुवातीला ज्यांच्या हाती आली, त्यांत मराठीचे एक माजी प्राध्यापक होते. लंडनला बी. बी. सी.मध्ये या नव्या माध्यमाचे शिक्षण घेऊन ते परतले होते. भारतीय दूरचित्रवाणीवर पंडित जवाहरलाल नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांनाच मिळाला. हे गृहस्थ म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, अर्थात महाराष्ट्राचे लाडके पु. ल.

पु. लं.विषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की वार्षिक अंकात पुन्हा त्यांच्यावरच लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांच्या गुणांची यादी देण्याचा माझा विचार नाही. मला त्यांच्या आयुष्याकडे एकाच प्रश्नाच्या खिडकीतून पाहावयाचे आहे. हसणारा माणूस नेमका कुणाला हसतो? स्वतःहून दुबळ्याला, स्वतःहून बलवानाला, की स्वतःला? विनोद पाहण्याजोगा कोणता आणि न पाहिलेला बरा कोणता, याचे उत्तर मला या प्रश्नात दडलेले दिसते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आपल्या मंचरसारख्या गावातून शहरात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींना तर हा प्रश्न पुस्तकातला वाटण्याचे कारणच नाही. तो त्यांना उतरल्या थांब्यावर भेटतो.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईचा. बालपण जोगेश्वरीला आणि नंतर पार्ल्याला गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत असत आणि रवींद्रनाथांची 'गीतांजली' त्यांनी अभंगरूपाने मराठीत आणली होती. घरात पुस्तके होती, गाणे होते, पेटी होती. पैसा मात्र बेताचाच होता. मुंबईचे इस्माईल युसूफ महाविद्यालय, पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन अशा तीन ठिकाणी त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले. वडील लवकर गेल्यामुळे शिकतानाच कमवावे लागले. त्यांनी गाण्याच्या शिकवण्या केल्या, शाळेत मास्तरकी केली, पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवले. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या आणि हिशेबाला पक्क्या अशा सुनीताबाईंनी पुढची चोपन्न वर्षे या उधळ्या स्वभावाच्या कलावंताला शिस्तीच्या चौकटीत बसवले. चौकट नसती तर चित्र भिंतीवर राहिले असते का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

सिनेमानेही त्यांना काही वर्षे गुंतवून ठेवले. 'वंदे मातरम्' या १९४८ च्या चित्रपटात पतिपत्नी दोघांनीही कामे केली. 'देवबाप्पा'साठी त्यांनी चाल लावलेले 'नाच रे मोरा' आजही प्रत्येक बालवाडीत म्हटले जाते. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त तर लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका या चारही बाजू त्यांनी एकट्याने सांभाळल्या. त्याच चित्रपटातील भीमसेन जोशींचे 'इंद्रायणी काठी' हे गीत त्यांच्याच चालीचे. वारीच्या दिवसांत आपल्या भागात ते कानावर पडते तेव्हा संगीतकाराचे नाव सांगणारा क्वचितच भेटतो. विनोदी लेखक म्हणून ज्याची ओळख झाली, त्याची इतर कामे लोक विसरतात. हसवणाऱ्याला बसणारा हा एक जुना दंड आहे.

याच काळात त्यांनी आणखी एक काम केले आणि आपल्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी त्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. शहरात वाढलेल्या या लेखकाने तमाशाचा बाज उचलला आणि त्यातून नव्या स्वराज्यातील नव्या पुढाऱ्यांची टोपी उडवली. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा बाज समजावून सांगावा लागत नाही. मंचरहून नाशिकच्या दिशेने थोडे पुढे गेले की नारायणगाव येते. तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे हे गाव भाऊ-बापू मांग आणि विठाबाई नारायणगावकर यांचे. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला येतात. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगत जाणाऱ्या खेळात सोंगाड्याचे काम काय असते? तो राजाच्या दरबारात उभा राहून राजालाच विचारतो की तुझे डोके ठिकाणावर आहे ना? पण त्याआधी तो स्वतःची फजिती करून घेतो. धोतर सुटणारा, मार खाणारा, मावशीकडून पाणउतारा करून घेणारा सोंगाड्याच पुढे प्रधानाची चोरी उघडी पाडतो. आधी स्वतःला हसल्याशिवाय राजाला हसण्याचा परवाना मिळत नाही, हा आपल्या मातीतला विनोदाचा पहिला नियम आहे. पु. लं.नी हा नियम कोठे शिकून घेतला असे मला म्हणावयाचे नाही. मात्र त्यांच्या सगळ्या लेखनात तो पाळलेला दिसतो.

१९५५ मध्ये ते आकाशवाणीत आले. १९५७ मध्ये 'तुझे आहे तुजपाशी' रंगभूमीवर आले आणि काकाजी व आचार्य ही जोडी घरोघरी पोहोचली. त्यानंतर त्यांना इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली. सुनीताबाईही बरोबर होत्या. या प्रवासाचे वर्णन 'अपूर्वाई' या १९६० च्या पुस्तकात आहे. साहेबाचा देश पाहायला निघालेला मराठी मध्यमवर्गीय माणूस आपल्या बावळटपणाची जी गंमत त्यात सांगतो, तिने मराठी प्रवासवर्णनाचे वळणच बदलले. तोवरचा प्रवासी परक्या देशातील इमारतींची उंची मोजत असे. पु. लं.नी त्या इमारतीखाली मान वर करून उभ्या असलेल्या स्वतःला मोजले.

इंग्रजी विनोदाशी त्यांचे नाते मात्र बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीपासूनचे होते. पी. जी. वुडहाऊसवर त्यांची भक्ती होती आणि चार्ली चॅप्लिनविषयी त्यांना अपार आदर होता. रंगमंचासाठी त्यांनी सॉमरसेट मॉमवरून 'भाग्यवान' लिहिले आणि लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील बॅरेट कुटुंबाच्या नाटकावरून 'सुंदर मी होणार' रचले. ही नाटके पाहताना कोठेही परक्या मालाचा वास येत नाही. दुसऱ्याच्या शेतातले बी आणून आपल्या मातीत पेरावे आणि पीक आपले म्हणून उभे राहावे, तसे हे झाले.

ते लंडनला होते त्या काळात बी. बी. सी.च्या पडद्यावर विनोदाची एक नवी तऱ्हा रूढ होत होती. टोनी हॅनकॉक या नटाचा कार्यक्रम १९५४ मध्ये रेडिओवर सुरू झाला होता आणि १९५६ पासून तो दूरचित्रवाणीवर दिसू लागला. रे गॉल्टन आणि ॲलन सिम्पसन ही लेखकांची जोडी तो लिहीत असे. त्यात विनोदी गाणी नव्हती की पडापड नव्हती. ईस्ट चीम नावाच्या कल्पित वस्तीत रेल्वेच्या रुळांकाठी राहणारा, स्वतःला फार मोठा समजणारा आणि रोज तोंडघशी पडणारा एक सामान्य माणूस, एवढेच त्याचे भांडवल. पुढे याच वाटेने ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील नावाजलेल्या मालिका गेल्या. म्हातारपणी गावाच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या शिपायांची 'डॅड्स आर्मी' १९६८ ते १९७७ या काळात चालली. १९७५ आणि १९७९ मध्ये मिळून अवघे बारा भाग निघालेली 'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेलच्या तिरसट मालकाची मालिका आजही नमुना म्हणून दाखवली जाते. मंत्री आणि सचिव यांच्यातील रस्सीखेच रंगवणारी 'येस मिनिस्टर' १९८० मध्ये आली आणि २००१ मध्ये फारुख शेख यांना घेऊन ती हिंदीत 'जी मंत्रीजी' म्हणून अवतरली. या सर्वांचे मर्म एकच आहे. माणूस स्वतःला जे समजतो आणि तो प्रत्यक्षात जे असतो, त्यांतील अंतरावर हसू उगवते.

आता गंमत पाहा. १९५८ मध्ये पु. लं.चे 'बटाट्याची चाळ' प्रसिद्ध झाले. (आपल्या तालुक्यातील सातगाव पठारच्या मंडळींनी नाव वाचून बाजारभावाची आशा करू नये, हा बटाटा मुंबईचा आणि न शिजणारा आहे.) ईस्ट चीम नकाशात सापडत नाही, तशी ही चाळही मुंबईत कोठे सापडत नाही. आणि तरीही दोन्हीकडची माणसे आपल्या शेजारी राहतात. वजन उतरवण्यासाठी उपास करणारे पंत, सहलीला निघण्यापूर्वीच दमलेले भ्रमणमंडळ, आपले शहाणपण दुसऱ्याच्या गळी उतरवण्यासाठी धडपडणारे बिऱ्हाडकरू ही सारी त्याच अंतराची लेकरे आहेत. दोन वेगवेगळ्या देशांत, एकाच सुमारास, एकमेकांवाचून हे घडले. पु. लं.नी हॅनकॉकचे अनुकरण केले असे कोणी म्हणू नये. त्यांची चाळ इंग्लंडात घडलेली नाही. ते तेथे यंत्र शिकायला गेले होते. माणसे मात्र त्यांनी येथूनच नेली होती आणि येथेच परत आणली.

दिल्लीच्या दूरचित्रवाणीत त्यांनी पाया घालण्याचे काम केले, पण तेथे ते फार काळ रमले नाहीत. सरकारी नोकरी सोडून ते रंगमंचावर परतले. त्या काळी नव्या माध्यमात पहिल्या रांगेत बसण्याची जागा मिळालेली असताना ती सोडणे हे व्यवहारी माणसाला वेडेपणाचे वाटेल. परंतु येथेच त्यांच्या आयुष्याचे खरे वळण आहे. १९६० नंतर लवकरच त्यांनी 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू केले. नेपथ्य जवळजवळ नाही, साथीदार नाहीत. एक माणूस, त्याचा आवाज आणि दोन तास. एकटा पु. ल. क्षणात म्हातारा होई, क्षणात गुजराती व्यापारी, क्षणात नाक मुरडणारी शेजारीण. कॅमेरा जे काम लाखो रुपयांच्या साहित्याने करतो, ते त्यांनी मान वळवून केले. पाठोपाठ 'वाऱ्यावरची वरात' आली, 'असा मी असामी' आले. 'असा मी असामी'चा नायक धोंडो भिकाजी कडमडे जोशी हा कारकून आपली आयुष्यभराची फजिती स्वतःच्याच तोंडाने सांगतो. बदलत्या जगाला तो नावे ठेवतो, पण त्या जगापुढे आपणच कसे गांगरलो हे लपवत नाही.

हे प्रयोग तिकीट खिडकी उघडताच भरत असत. त्यातून आलेल्या पैशातून पु. ल. आणि सुनीताबाईंनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान उभे केले आणि तो पैसा समाजाच्या कामांना वाटला. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यालाही या प्रतिष्ठानाचे पहिल्या दिवसापासून पाठबळ होते. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी तर त्यांचे घरचे नाते होते. हसवून मिळवलेला पैसा रडणाऱ्याच्या दारी नेऊन द्यायचा, हा हिशेब या दांपत्याने जाहिरात न करता चालवला.

आता मी 'ती फुलराणी'कडे येते, कारण माझ्या प्रश्नाचे बोट मला तेथेच नेते. बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ मधले. लंडनच्या फुटपाथवर फुले विकणाऱ्या मुलीला एक भाषाशास्त्रज्ञ पैजेखातर शुद्ध बोलायला शिकवतो आणि बड्या घरची म्हणून मिरवतो. पु. लं.नी १९७५ मध्ये ते मराठीत आणले. मंजुळेची भूमिका भक्ती बर्वे यांनी केली आणि प्राध्यापकाची सतीश दुभाषी यांनी. भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत असत. म्हणजे ज्या मुखातून महाराष्ट्र प्रमाण मराठी ऐकत होता, त्याच मुखातून रंगमंचावर मंजुळेची रांगडी बोली फुटली. यात केवळ अभिनयाची करामत नाही. शुद्ध आणि अशुद्ध या दोन्ही बोली एकाच जिभेवर नांदू शकतात, हे प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले.

या नाटकात आपण प्रथम मंजुळेला हसतो. तिचे उच्चार, तिचे तावातावाने भांडणे, तिचा अडाणीपणा. पण हळूहळू हसण्याची दिशा फिरते. प्राध्यापकाला व्याकरण येते, माणुसकी येत नाही. ज्या मुलीचे उच्चार त्याने सुधारले तिला तो वस्तूसारखी वागवतो. मंजुळेचे ते गाजलेले स्वगत संपते तेव्हा सभागृहातील शहाण्यांना कळून चुकते की आपण चुकीच्या माणसाला हसत होतो. शॉच्या नाटकात हे सारे आहेच. पण मराठीत त्याला वेगळी धार येते, कारण आपल्याकडे उच्चारामागे केवळ वर्ग उभा नसतो, जात आणि गावही उभे असते.

मागील वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी मी शहरातील एका नामांकित महाविद्यालयात गेले होते. विषय पाण्याच्या टंचाईचा होता. बोलण्याच्या भरात मी घरी म्हणतो तसे 'पानी' म्हणाले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढच्या वेळी मी तो शब्द उच्चारण्यापूर्वीच ती पिकली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत रांगेत उभे राहणारी माणसे ज्या शब्दाने पाण्याला हाक मारतात, तो शब्द तेथे विनोद झाला होता. टंचाईविषयी मी काय सांगत होते ते कोणाच्या कानापर्यंत गेले की नाही, मला ठाऊक नाही. ही तक्रार मी सहानुभूती मिळवण्यासाठी लिहीत नाही. आपल्यापैकी कितीजणांना हा अनुभव आहे हे वसतिगृहांत विचारून पाहावे. काहीजण त्यानंतर बोलणेच सोडतात आणि त्यांचे मौन हा कोणत्याही विनोदाचा फार महागडा मोबदला आहे.

इंग्लंडातही हा प्रश्न सुटलेला नव्हता. १९७७ मध्ये तेथे 'माइंड युअर लँग्वेज' नावाची मालिका सुरू झाली. इंग्रजी शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी आणि त्यांचा इंग्रज शिक्षक असा तिचा थाट. त्यातील शीख, पाकिस्तानी, चिनी पात्रांच्या उच्चारांवर आणि गैरसमजांवर हशा पिकवला जाई. मालिका लोकप्रिय झाली, आपल्याकडेही तिच्यावरून हिंदी मालिका निघाली. पण परक्यांना एकेका साच्यात कोंबून त्यांची टर उडवल्याबद्दल तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. १९९८ मध्ये तेथील भारतीय वंशाच्या कलावंतांनी 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम आणला आणि पारडे फिरवले. त्यातील एका प्रवेशात भारतीय मित्रांची टोळी इंग्रजी खानावळीत जाऊन, इंग्रज लोक भारतीय खानावळीत जसा धिंगाणा घालतात तसाच घालते. हसणे तेच, पण बोट उलट्या दिशेला. आणि हे कलावंत स्वतःच्या आईबापांना, त्यांच्या दिखाऊपणाला, कंजूसपणालाही तितकेच हसले. म्हणून त्यांचे हसणे सूड ठरले नाही.

येथे पु. लं.वरील एका आक्षेपाची नोंद घेतली पाहिजे. त्यांचा विनोद शहरी, मध्यमवर्गीय आणि उच्चवर्णीय जगाभोवती फिरतो, त्या जगाच्या आठवणींत तो फार रमतो, असे अनेक समीक्षकांचे म्हणणे आहे. ते खोडून काढण्याचा खटाटोप मी करणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. 'बटाट्याची चाळ'मध्ये आंबेगावचा शेतकरी सापडत नाही. गिरणीत राबणारा जुन्नरचा माणूस त्याच मुंबईत दुसऱ्या चाळीत राहत होता आणि त्याची कहाणी दुसऱ्या लेखकांना लिहावी लागली. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पु. ल. ज्या जगात जन्मले त्याच जगाला हसले. शेजारच्या वस्तीच्या दारिद्र्यावर, बोलीवर किंवा अज्ञानावर त्यांनी आपली हवेली बांधली नाही. 'म्हैस' या त्यांच्या कथनातील एस. टी. आठवावी. रस्त्यात म्हैस आडवी येते, गाडी थांबते आणि पंचनाम्याचा घोळ सुरू होतो. त्या गाडीत पुढारी आहे, हवालदार आहे, शहरी पांढरपेशे आहेत, खेडूत आहेत. हसू सर्वांच्या वाट्याला सारखे येते. आणि सर्वांत अधिक येते ते स्वतःला महत्त्वाचा समजणाऱ्याच्या वाट्याला. त्या गाडीत आपल्याला बसायला जागा आहे, एवढे मी नक्की म्हणेन.

सत्तेपुढेही त्यांनी सोंगाड्याचा नियम पाळला. १९७४ मध्ये इचलकरंजीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी देशात आणीबाणी आली. १९७७ च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस गावोगावच्या सभांतून उभा राहिला आणि लोकशाहीच्या बाजूने बोलला. निवडणूक संपताच कोणतेही पद न घेता आपल्या कामाला परतला. १९७८ मध्ये त्यांचा 'तीन पैशाचा तमाशा' आला. मुळात जॉन गे या इंग्रजाचे १७२८ चे भिकाऱ्यांचे संगीत नाटक. त्यावरून जर्मन नाटककार ब्रेख्तने १९२८ मध्ये आपले नाटक केले. आणि अडीचशे वर्षांचा प्रवास करून ते पु. लं.च्या हातून तमाशाच्या रूपात महाराष्ट्रात उतरले. १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाचा पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार त्यांना मिळाला. तो स्वीकारतानाही त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या दंडेलीविषयीची नाराजी त्यांनी दडवली नाही आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. दरबारात सत्कार होत असताना राजाला चार शब्द सुनावणे हे सोंगाड्याचे कामच नव्हे काय?

मानसन्मान त्यांना भरपूर लाभले. 'व्यक्ती आणि वल्ली'साठी १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९६६ मध्ये पद्मश्री, १९९० मध्ये पद्मभूषण, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि पुढे तिची फेलोशिपही. परंतु मला त्यांच्या चरित्रातील दुसरीच घटना अधिक मोलाची वाटते. कीर्ती शिगेला पोहोचलेली असताना, पन्नाशीच्या घरात, हा माणूस बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिला. नाव झालेल्या लेखकाने पुन्हा अक्षरओळखीपासून सुरुवात करायची, चुकत माकत बोलायचे, लहान मुलांपुढे हसे करून घ्यायचे. परक्या भाषेत अडखळण्याची ज्याला लाज वाटत नाही, तो दुसऱ्याच्या अडखळण्याला हसत नाही. त्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक आले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तेथे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने अवतरले. वडीलधारी मंडळी सांगतात की एका घरी संच आणि अंगणभर प्रेक्षक अशी तेव्हा स्थिती होती. हसण्यासाठी माणसे एकत्र बसत. आज प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आहे आणि प्रत्येकजण वेगळा हसतो. त्या छोट्या पडद्यावर विनोदाच्या नावाखाली पुष्कळदा जाड्याला जाडा, काळ्याला काळा आणि खेडवळाला खेडवळ म्हणण्यापलीकडे काही नसते. पुरुषाला लुगडे नेसवले की हशा मिळतो असा एक समज आहे. लंडनच्या जुन्या मालिका, 'चिमणराव', पु. लं.चे ध्वनिमुद्रित प्रयोग हे सारेही त्याच पडद्यावर फुकट उपलब्ध आहे. निवड आपल्या अंगठ्याची आहे.

१२ जून २००० रोजी, लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पु. ल. पुण्यात निवर्तले. अखेरची वर्षे कंपवाताने ग्रासलेली होती. ज्या हातांनी पेटीवर सूर काढले आणि रंगमंचावर रिकाम्या हवेतून माणसे उभी केली, ते हात थरथरत असत. सुनीताबाई त्यांच्यामागे नऊ वर्षे होत्या. ७ नोव्हेंबर २००९ रोजी त्याही गेल्या.

विद्यार्थिमित्रहो, पु. लं.नी दिल्लीत ज्या यंत्राची पहिली कळ दाबायला मदत केली, ते यंत्र आज आपल्या मुठीत आहे. त्यात काय पाहावे याची मी यादी देत नाही. एवढेच सुचवते की पुढच्या खेपेस हसू आले की क्षणभर बोट कोणाकडे वळले आहे ते पाहावे. ते खाली वळले असेल तर हात आवरावा. वर वळले असेल तर थोडे धैर्य बाळगावे. आणि आपल्या स्वतःकडे वळले असेल, तर खुशाल पोटभर हसावे. बटाट्याच्या चाळीत आपल्यालाही एक खोली मिळाली असे समजावे.